वाल बाधले

दादाने न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढली, त्या दिवशी मी ऑपरेशननंतर पहिल्यांदा ओरडले. खरं तर ओरडायची बंदी होती. छातीचं हाड मधोमध कापून तारांनी बांधलेलं, साधं खोकायचं झालं तरी उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. तरीही ओरडले. आतून अशी काही कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि दादा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन म्हणाला, "बघ! म्हणून सांगत होतो, ओरडू नको."

"कडी लाव परत."

"नाय लावणार. आत चक्कर येऊन पडलीस तर दार तोडत बसू?"

"मग तोड! दार तुझंच आहे."

"दार तुटेपर्यंत तुझं काय व्हायचं ते होऊन जाईल गो बाय," असं म्हणून त्याने स्क्रू कागदाच्या पुडीत बांधले, पुडी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि गेला.

मी साठीची बाई. पेणच्या प्राथमिक शाळेत नोकरी लागली तेव्हापासून तिथे एकटी राहिलेली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारेही आता थकले. आळीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर आहे माझं, शेजारी गणपतीचा कारखाना, मागे शेवग्याचं झाड. कधी उठावं, कधी जेवावं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आता रोह्याला भावाच्या घरी मी आंघोळीला जायचे तेव्हा वहिनी दाराबाहेर पाटावर बसून असायची आणि मधूनमधून विचारायची, "वन्सं, बऱ्या आहात ना?" मी अंगावर पाणी ओतता ओतता म्हणायचे, "हो गं बाई, बरी आहे." एका आंघोळीत हे तीनतीनदा. तिचा काही दोष नव्हता. तिला बसवलं होतं.

हे सगळं पोपटीपासून सुरू झालं.

ज्याने पोपटी खाल्ली नाही त्याला काय सांगायचं! आमच्याकडे थंडी पडली की लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, रताळी, अंडी भरायची, तोंडाला परत पालाच कोंबायचा, मडकं शेतात उपडं करायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवून द्यायच्या. पाण्याचा थेंबही नाही. गेल्या वर्षी दादाने रोह्याला घरामागच्या शेतात लावली होती, आळीतले सगळे जमले होते, मीही पेणहून आले होते. शेंगा मस्त झाल्या होत्या. मी हात राखून खाणाऱ्यातली नाही, पोटभर खाल्ल्या.

मग दुखायला लागलं. छातीत नाही दुखलं, हीच तर गंमत. जबड्यात दुखलं. पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं दुखलं. मळमळलं. ऐन थंडीत घामाने ब्लाउज भिजला.

"जाळाजवळ बसलीस म्हणून घाम आला," कुणीतरी म्हणालं.

"वाल बाधले," दादा म्हणाला. झाला निकाल!

आमच्या भागात वाल हा कायमचा आरोपी. बिरडं खाऊन ढेकर आला, वाल बाधले. कंबर धरली, वाल बाधले. सासूशी भांडून सून तोंड फिरवून झोपली तरी शेजारीण म्हणेल, वाल बाधले असतील. त्यामुळे दादाने तसं म्हटल्यावर सगळे कामालाच लागले. एकीने ओवा आणि काळं मीठ हातावर ठेवलं, एकाने सोडा-लिंबू आणलं, वहिनीने हिंग उगाळून बेंबीवर लावला. दादाने पाठीवर थापट्या मारल्या. जोरात मारल्या. ढेकर आला की बघ कशी मोकळी होतेस, म्हणाला.

वहिनीने एकदा हळूच विचारलं, "डॉक्टरला दाखवायचं का?"

"वालाला डॉक्टर?" दादा म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. मीही हसले. हसताना जबडा दुखत होता तो धरून हसले.

मग दोन दिवस रोह्यालाच पडून राहिले, पेज प्यायले, आणि पेणला परत गेले.

पुढचे महिने कसे गेले ते आता आठवलं की वाटतं, माणूस स्वतःला किती बनवू शकतो! बाजारातून भाजीची पिशवी घेऊन यायची तर मधे कारखान्याच्या कट्ट्यावर बसावं लागायचं. म्हटलं, वय झालं. आडवं पडलं की दम लागायचा, एकावर एक उशा रचून बसल्यासारखी झोपायला लागले. म्हटलं, हवा दमट आहे. पाय सुजून चपलेचा पट्टा रुतायला लागला तेव्हा चप्पल बदलली. आजार रेड्याला आणि डाग पखालीला! शेवटी शेजारणीने धरून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी ईसीजी काढला, त्याची पट्टी हातात धरून बघितली, आणि विचारलं, "अटॅक कधी आला होता?"

"कुणाला?" मी म्हटलं.

मग इकडून तिकडे तपासण्या, आणि शेवटी मुंबईचे सर्जन. तरुण होते, शांत होते. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. म्हणाले, अटॅकमध्ये खालचा एवढा भाग रक्ताविना मेला. मेलेला भाग पातळ होऊन बाहेर फुगलाय. बाकीचं हृदय आवळतं तेव्हा हा भाग आवळायच्या ऐवजी फुगतो, निम्मं रक्त तिथेच रेंगाळतं, तिथे गुठळीही धरलीय. छाती उघडायची, तो भाग कापून काढायचा आणि उरलेलं शिवून घ्यायचं.

"म्हणजे ढगळ ब्लाउज टीप मारून आत घेतात तसं?" मी विचारलं.

"साधारण तसंच," ते म्हणाले. "हृदय लहान होईल, पण कामाचं होईल."

"आणि नाही केलं तर?"

ते जे म्हणाले ते मी दादाला कधी सांगितलं नाही. तो बाहेर पाणी आणायला गेला होता. पण तो बाटली भरून आल्यावर त्याच्यासमोरच त्यांनी दुसरंही एक सांगितलं, सहज, पेशंटला माहिती म्हणून सांगतात तसं: दुखायला लागल्यावर पहिल्या काही तासांत आणलं असतं तर एवढा भाग मेला नसता. दादा बाटलीचं झाकण लावत होता, ते त्याला लागेना.

ऑपरेशन झालं. त्यातलं मला काही ठाऊक नाही, आणि ठाऊक असायला नकोच होतं. मला ठाऊक आहे ते जाग आल्यानंतरचं. घशात नळी. त्या नळीमुळे आवाज नाही. हात पलंगाच्या दांड्यांना मऊ पट्ट्यांनी बांधलेले, झोपेत नळी उपटून टाकू नये म्हणून. जन्मभर जिने वर्गात "गप्प बसा" म्हणून आरोळ्या ठोकल्या तिला असं गप्प बसवलेलं! मशीन सांगेल तेव्हा श्वास घ्यायचा, सांगेल तेव्हा सोडायचा. नाकाला खाज आली तर ती येऊन जाईपर्यंत वाट बघायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला वाटलं, हे असंच राहणार आहे. ऑपरेशन फसलंय आणि मला कुणी सांगत नाहीये. विचारू कशी?

दादा आला, डोक्याला हिरवी टोपी, तोंडाला मास्क. पलंगाशी उभा राहिला. "बाय, मी हाय गो," म्हणाला. आणि रडायला लागला. नोकरीत असताना रोह्याच्या केमिकल कंपनीत स्फोट झाला तेव्हा भाजलेल्या माणसाला खांद्यावर टाकून आणलेला माझा भाऊ, लहान पोरासारखा हुंदके देत होता. मी डोळ्यांनी विचारत होते, झालं का रे नीट? त्याला काय कळणार! तो रडतोय म्हणजे मी मरतेय असं मी धरून चालले. पुढे नळी निघाली तेव्हा माझं पहिलं वाक्य हे होतं: "रडायला काय झालं होतं तुला, मेल्या?"

मुंबईहून सरळ रोह्याला आणलं. पंधरा-वीस दिवस म्हणून आणलं, आणि दसरा गेला, दिवाळी गेली.

कुशीवर झोपायचं नाही. हात डोक्यावर न्यायचा नाही, म्हणजे वेणीही वहिनीने घालायची. पाणी मोजून. मीठ जवळजवळ नाहीच. आता सांगा, खाडीकाठच्या माणसाला मिठाशिवाय ठेवायचं म्हणजे काय! पेणचा पापड नाही, सोडे नाहीत, सुकट नाही, लोणच्याची बरणी तर दादाने शेजारी नेऊन ठेवली. वहिनी बिचारी अळणी भाजीत लिंबू पिळून पिळून दमली. मला त्या घराचा कोपरा न् कोपरा पाठ झाला. खिडकीच्या गजांतून समोरची भिंत दिसायची. कंपनीचा भोंगा वाजला की शिफ्ट सुटली, वारा फिरला की औषधासारखा वास आला, एवढाच काय तो दिवसातला बदल. व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या, तर दादा मागे. मी वळले की तो वळणार. एकदा मुद्दाम मधेच थांबले, तर माझ्यावर आदळला आणि स्वतःच घाबरला.

दुपारी डोळा लागला की तो यायचा आणि माझ्या नाकापुढे हात धरायचा. श्वास चाललाय का ते बघायला! मी डोळे न उघडता म्हणायचे, "मेले नाही." तो हात मागे घेऊन जायचा. दुसऱ्या दिवशी परत तेच.

बघायला येणाऱ्यांची तर आणखी तऱ्हा. येताना केळी आणायची आणि खुर्चीत बसल्या बसल्या सुरू करायचं, "आमच्या मावससासऱ्यांचं पण असंच झालं होतं." मावससासरे आता कुठे आहेत हे विचारायची सोय नाही. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत.

मी म्हणायचे, दादा, मला पेणला सोड. तो म्हणायचा, रस्ता. हायवेचं काम अजून चाललंय, खड्ड्यांत छातीच्या तारा सुटतील. एके दिवशी तो खरोखर स्कूटरवर बसून नागोठण्यापर्यंत रस्ता बघायला गेला आणि धुळीने पांढरा होऊन आला. "नाय जमायचं," म्हणाला. "माझीच हाडं खिळखिळी झाली."

"मग रेल्वेने जाते. रोह्याला बसायचं, पेणला उतरायचं."

"रेल्वेला हिसके बसतात."

"आणि मुंबईहून मला काय पालखीतून आणलंस?"

उत्तर नसलं की तो बागेला पाणी घालायला जायचा. भर पावसातही गेला होता एकदा.

तपासणीला मुंबईला गेलो तेव्हा डॉक्टरांनी हाड दाबून बघितलं, सोनोग्राफीसारखं ते यंत्र छातीवर फिरवलं आणि खूश होऊन म्हणाले, छान आहे, हाड जुळलंय, आता घरी जा, एकट्या राहायलाही हरकत नाही, थोडं जपून. मी दादाकडे बघितलं. "घरीच तर हाय ती," दादा म्हणाला. डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, काय प्रेमळ भाऊ आहे! प्रेमळ होताच. म्हणून तर माझा जीव गुदमरत होता. दुष्ट असता तर शेजारच्यांना हाक मारून निघून गेले असते.

मग एक दिवस वहिनी तांदूळ निवडताना, मान वर न करता म्हणाली, "वन्सं, तुम्हाला यांनी सांगितलं का? पेणच्या घराला माणूस बघितलाय."

"कसला माणूस?"

"भाडेकरू. बंद घराला वाळवी लागते म्हणाले. तुमचं सामान एका खोलीत लावून घेणार आहेत."

तिने मुद्दाम सांगितलं. जन्मात नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेली बाई, पण सांगितलं. तोपर्यंत मला वाटत होतं की मी पाहुणी आहे, जरा लांबलेली. आता कळलं की हे कायमचं आहे. माझं घर जाणार, माझा चहा, माझी खिडकी, सगळं जाणार, आणि मी या पलंगावर नाकापुढे हात धरून घ्यायला पडून राहणार. एवढ्यासाठी छाती फाडून घेतली होती का मी?

त्या दुपारी मी जेवले नाही. दादाने विचारलं, का जेवत नाहीस, तर मी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी घरामागून धुराचा वास आला. पुन्हा थंडी पडली होती, आळीतल्यांनी पोपटी लावली होती. आमच्याकडे बोलवायला आले, तर दादा दारातूनच म्हणाला, "आमच्या घरात पोपटी बंद हाय."

मी उठले. शाल घेतली आणि मागच्या दाराने शेतात उतरले. दादा मागून "बाय, बाय" करत. मी काही वळले नाही.

जाळ पडला होता, मडकं बाहेर काढून पाल्यावर शेंगा ओतल्या होत्या. मला बघून सगळे गप्प झाले. मरणाऱ्याला बघून होतात तसे. कुणीतरी खुर्ची दिली. दादाच्या शेजारणीने पानावर चार शेंगा ठेवून माझ्यापुढे धरल्या, आणि दादाने तिचा हात झटकला. शेंगा मातीत पडल्या.

"तिला नको!"

"का नको?" मी म्हटलं.

"मीठ हाय त्यात."

"मिठाचं नाही, दादा. खरं काय ते बोल."

तो उभाच होता. मला वाटलं, आता हा बागेला पाणी घालायला जाईल. पण गेला नाही. माझ्याकडे न बघता, त्या मडक्याकडे बघत बोलायला लागला. "दवाखाना हाकेच्या अंतरावर हाय. गाडी दारात होती. ही म्हणत होती, डॉक्टरला दाखवू." ही म्हणजे वहिनी. "मी काय केलं? ओवा दिला. पाठीत गुद्दे घातले. तिकडं तुझ्या काळजाचा तुकडा मरत होता आणि मी हसत होतो. सगळ्यांना हसवत होतो." मग म्हणाला, "मला झोप लागत नाय गो. डोळे मिटले की तू जबडा धरून हसताना दिसतेस."

सगळ्यांच्या तोंडावर एकच वाक्य होतं, जाऊ दे रे, तुला काय माहीत होतं. मला वाटलं होतं, तो असं कधी बोलला तर मीही तेच म्हणेन. पण माझ्या तोंडून ते निघेना. कारण मला राग होता. आतापर्यंत मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, पण होता, भयंकर होता. माझ्या छातीवर गळ्यापासून बेंबीच्या वरपर्यंत व्रण आहे. मला पायऱ्या चढताना मोजून चढाव्या लागतात. हे सगळं चिमूटभर ओव्यावर गेलं होतं.

"हो," मी म्हटलं. "चुकलास. मीपण हसले, मीपण चुकले. इथे बसलेला एकूण एक चुकला. पण ओवा तू दिलास आणि तुरुंगात मी?"

"तुरुंग?" त्याने माझ्याकडे बघितलं. "मी तुला तुरुंगात ठेवलंय?"

"नाहीतर काय! तुला झोप लागत नाही म्हणून मी जन्मभर उघड्या दाराने आंघोळ करायची? तुझं मन खातंय म्हणून माझ्या घरात परकी माणसं राहणार?"

त्याने वहिनीकडे बघितलं. वहिनी जाळाकडे बघत होती.

"मग काय करू?"

"मला घरी सोड."

"आणि परत झालं तर? मी तिथं नसेन गो."

"तू होतास तेव्हा काय दिवे लावलेस?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलले आणि ते शब्द परत गिळावेसे वाटले. दादाचं तोंड एकदम म्हातारं झालं. तो खाली वाकला, मातीत पडलेल्या शेंगा एक एक करून उचलल्या आणि जाळात टाकल्या. मग घरात गेला. मी तिथेच बसून राहिले. शेजारणीने परत शेंगा दिल्या, मी एक सोलली, तोंडात टाकली आणि बाकीच्या परत तिच्या हातात दिल्या.

सकाळी चहा पिताना तो एवढंच म्हणाला, "गाडीची वेळ बघून ठेवलीय. तयार रहा."

वहिनीने पिशवी भरली. निघताना तिने मला मिठी मारली, अगदी हलकेच, छाती सांभाळून, आणि कानात म्हणाली, "फोन करा हां, रोज." दादाने तिकिटं काढली. एका हातात माझी पिशवी, काखेत माझी उशी, अशा थाटात तो डब्यात चढला आणि माझ्यासमोर बसला. गाडीने हिसका दिला की माझ्या छातीकडे बघायचा. नागोठणं गेलं, अंबा नदी गेली, कासू गेलं. कालचं बोलणं मागे घ्यायला मी दोनदा तोंड उघडलं, पण डब्यात माणसं होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. मऊ झाले तर हा परत न्यायचा.

पेणला आळीत रिक्षा शिरली तर कारखान्यातली पोरं रंगाचे हात घेऊन बाहेर आली. "बाई आल्या!" शेजारीण धावत आली. मला इतका आनंद झाला की दम लागला. घराचं कुलूप गंजलं होतं, दादाने तेल घालून उघडलं. आत धूळ, पाली, ओल्या भिंतीचा वास. माझ्या घराचा वास! मी खुर्चीत बसले आणि दादाने घर झाडलं. पाणी भरलं. भांडी खालच्या फळीवर घेतली, मला हात वर करायला लागू नये म्हणून. गोळ्या टेबलावर ओळीने मांडल्या. दार, खिडक्या, गॅस, दिव्याची बटणं, सगळं तपासलं. मग तपासायला काही उरलं नाही.

मी चहा केला. किती महिन्यांनी स्वतःच्या हाताने केला, जरा जास्तच गोड झाला. तो प्यायला. कप धुऊन पालथा घातला आणि परत येऊन बसला. माझ्याकडे बघेना. सदऱ्याची बाही ओढत म्हणाला, "बाय, आजचा दिवस राहू का? इथं बाहेरच्या खोलीत. तुझ्या मधे मधे येणार नाय."

माझा थोरला भाऊ. माझं कधी काही न विचारता सगळं ठरवणारा. माझ्या दोन खोल्यांत राहायची परवानगी मागत होता.

मला हो म्हणायचं होतं. रात्री मी एकटी असणार, उशाशी कुणी नसणार, काही झालं तर हाक ऐकायला कुणी नसणार, याची धास्ती मला काय कमी होती? त्याच्याहून जास्त होती. पण आज राहिला असता तर उद्या म्हणाला असता, अजून एक दिवस, आणि मीच त्याला थांब म्हटलं असतं.

"नको, दादा," मी म्हटलं. "जा तू."

तो उठला. उशी पलंगावर नीट ठेवली. दारात चपला घातल्या, "जपून," म्हणाला, आणि निघाला. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. आळीच्या तोंडाशी गेला की वळून बघेल असं वाटलं. त्याने बघितलं नाही. रोह्याची गाडी संध्याकाळची होती, म्हणजे तोपर्यंत तो स्टेशनवरच्या बाकावर बसून राहणार हे मला ठाऊक होतं. मी हाक मारली नाही. मारली असती तर तो आला असता, आणि त्याच्याबरोबर मीही रोह्याला गेले असते.